आत्याचा अंगठा

गल्लीत तिला सगळे अर्जबाई म्हणत. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, पण ठेवलं ते बरोबर ठेवलं होतं. नळाला गढूळ पाणी येतंय, पोरीला शाळेत प्रवेश मिळत नाही, दाखल्यावर बापाचं नाव चुकलंय, काहीही असो, माणूस उठायचा आणि वाचनालयाची वाट धरायचा. दुपारी तीन ते आठ ती तिथल्या टेबलामागे बसलेली असायची. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटलेल्यांना डिंक लावायची आणि मधल्या वेळात लोकांची गाऱ्हाणी नीट परिच्छेद पाडून लिहून द्यायची. "माणूस पाऊण तास सांगतो आणि साहेब पाऊण मिनिट वाचतो," ती म्हणायची, "मधलं काम माझं."

वाचनालय म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांचं लांब टेबल, मागच्या खोलीत कपाटं. खिडकीतून काचेच्या कारखान्याची चिमणी दिसायची. कारखाना बंद पडून बारा वर्षं झाली होती, पण वस्ती अजून त्याच्याच घड्याळावर चालायची. पहिल्या पाळीला उठायची सवय लागलेली म्हातारी माणसं भल्या पहाटे उठून करायचं काय म्हणून अंगण झाडत बसायची.

कारखाना पाडणार अशी बातमी आली आणि अर्जबाईच्या डोक्यात एक गोष्ट घर करून बसली. भट्टीवरच्या पुरुषांचे फोटो होते, सत्कार झाले होते, एकदोघांवर लेखही आले होते. पण पॅकिंग खात्यातल्या बायकांचं काहीच नव्हतं. चाळीस वर्षं ज्यांनी बाटल्या उजेडासमोर धरून तडा शोधला, पेंढ्यात गुंडाळून खोकी भरली, त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं, तेही त्याच पॅकिंगच्या शेडमध्ये, ती उभी आहे तोवर. मग त्याची पुस्तिका छापायची आणि वाचनालयात एक प्रदर्शन मांडायचं. असल्या कामांना अनुदान देणारी एक मोठी संस्था होती. लोकांचा इतिहास, भाषा, आठवणी, अशा कामांसाठी ती दरवर्षी अर्ज मागवायची.

अर्जबाईनं अर्ज केला. नाकारला गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा केला, पुन्हा नाकारला. दोन्ही वेळा पत्रात एकच ओळ होती: प्रकल्पाची गरज पुरेशी स्पष्ट होत नाही. जिनं अख्ख्या वस्तीचे अर्ज पास करून दिले तिचा स्वतःचा अर्ज दोनदा परत यावा, हे तिला फार लागलं. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर. ते म्हणाले, "जाऊ दे, पुढल्या वर्षी बघू." पण पुढल्या वर्षी शेड राहणार नव्हती.

त्या संस्थेनं अर्जदारांसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवलं होतं. अर्जबाई बस बदलत बदलत तिथे गेली. शिकवणारा माणूस चुणचुणीत होता. तो म्हणाला, "आकडे कोणी वाचत नाही. एका माणसाची गोष्ट सांगा. वाचणाऱ्याच्या पोटात कालवलं पाहिजे." अर्जबाईनं ते वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

एका माणसाची गोष्ट म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर दुसरं कोण येणार? आत्याच आली.

अर्जबाईची आई ती चार वर्षांची असताना गेली. वडील भट्टीवर. आत्याचं लग्न दोन वर्षांत मोडलं होतं, ती भावाच्या घरी परत आली होती आणि पॅकिंगला लागली होती. भाचीला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आता ती सत्त्याहत्तर वर्षांची होती आणि दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकटी, स्वतःच्या तंत्रानं राहायची. सकाळी चष्मा लावून वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायची, अगदी भाड्यानं घर देण्याच्या जाहिरातींसकट. चुकीचं छापलेलं दिसलं की पेन्सिलीनं गोल करायची.

अर्जबाईनं पहिल्यांदा हे सगळं जसंच्या तसं लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं, तर पोटात काहीच कालवलं नाही. एक खणखणीत म्हातारी, वर्तमानपत्र वाचणारी. तिला कोणाच्या मदतीची काय गरज? अर्जबाईनं तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. त्यावर तिनं लिहिलं: "ह्या वस्तीत एक वृद्धा राहते. तिच्या हातांतून लाखो बाटल्या गेल्या, पण एकाही बाटलीवरचं लेबल तिला कधी वाचता आलं नाही. तिची स्मृती आता विझत चालली आहे, आणि ती स्वतः एक अक्षरही लिहून ठेवू शकत नाही."

हे वाक्य उतरलं आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. पुढचा सगळा अर्ज एका बैठकीत झाला. तिनं खाली आत्याचं नाव, वय, खातं सगळं नीट भरलं, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना होता.

आता गंमत अशी, की आत्याला वाचता येत नव्हतं हे एके काळी खरंच होतं. अर्जबाईनं घड्याळाचे काटे तेवढे मागे फिरवले होते. पण ते काटे पुढे कसे गेले, हे तिच्याइतकं जगात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं.

आत्या बत्तीस वर्षांची असताना पॅकिंगमध्ये एक अपघात झाला. रचलेली खोकी कोसळली आणि एकोणीस वर्षांच्या एका मुलीच्या हाताच्या शिरा काचेनं कापल्या गेल्या. खोकी वाकडी रचली आहेत हे बायकांनी सुपरवायझरला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आत्याला आणि आणखी तिघींना बोलावलं, एक कागद पुढे केला आणि म्हणाला, "तुम्ही जे पाहिलंत तेच लिहिलंय. लावा अंगठा." चौघींनी लावला. कागदावर लिहिलं होतं की मुलगी गप्पा मारत होती, तिचं लक्ष नव्हतं, चूक तिचीच. मुलीला कामावरून काढलं. आठ दिवसांनी तिची आई आत्याच्या दारात आली. भांडली नाही की रडली नाही. फक्त एवढंच विचारलं, "तू तरी अंगठा का दिलास गं?"

त्या संध्याकाळी आत्यानं सहा वर्षांच्या भाचीचं पहिलीचं पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "चल, मला शिकव." भाची शिकवायला लागली. ती मोठी कडक मास्तरीण होती. अक्षर चुकलं की आत्याच्या हातावर फूटपट्टी मारायची आणि आत्या मुकाट्यानं मार खायची. वर्षभरात आत्या सही करायला शिकली. दोन वर्षांत जेवणाच्या सुट्टीत खोक्यावर बसून सगळ्या खात्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायला लागली. मग बायका कुठल्याही कागदावर काही करायच्या आधी म्हणायच्या, थांबा, आधी हिला वाचू दे.

हे सगळं माहीत असूनही अर्जबाईनं तो अर्ज मास्तरांपुढे ठेवला. मास्तरांनी नाव-पत्त्याचं पान न उलटता वरचं वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. "कोण गं ही?" त्यांनी विचारलं.

"आहे पॅकिंगमधलीच एक," अर्जबाई म्हणाली.

"अशा पुष्कळ होत्या बिचाऱ्या," असं म्हणून मास्तरांनी अध्यक्ष म्हणून सही केली.

अनुदान मिळालं. पत्र आलं त्या दिवशी वाचनालयात माणसं माईनात. पॅकिंगच्या बायका आल्या. एकीनं तर आत्तापासूनच काय बोलायचं ते पाठ करायला घेतलं. आत्यानं भाचीच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "तिसऱ्यांदा लिहिलंस ना? मला ठाऊक होतं, तू चिकट आहेस." अर्जबाई हसली, पण त्या थापेखाली तिची पाठ आक्रसली. तिनं मनाची समजूत घातली की अर्ज काय, कपाटात जातो. कोण पुन्हा वाचतंय?

महिन्याभरानं फोन आला. संस्थेच्या पाहणी अधिकारी येणार होत्या. काम सुरू होण्याआधी त्या एकदा जागा बघतात आणि माणसांना भेटतात. "आणि त्या आजींना आम्हाला नक्की भेटायचंय," फोनवरचा आवाज म्हणाला. "इथे सगळ्यांना तुमचा तो परिच्छेद पाठ झालाय."

अर्जबाईनं दुसऱ्या बायकांना पुढे करायचा प्रयत्न केला. म्हणाली, आजींची तब्येत बरी नसते. उत्तर आलं, मग आपण त्यांच्या घरीच जाऊ.

पाहणीच्या आदल्या दिवशी ती आत्याकडे गेली. आज सांगून टाकायचंच असं ठरवून गेली. आत्या खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचत होती. अर्जबाई पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, पंखा फार आवाज करतोय. आत्या म्हणाली, तेल घालायला हवं. अर्जबाई स्टुलावर चढली, पंख्याची पाती पुसली, तेल घातलं. मग म्हणाली, डोळ्यांचं औषध संपलं का? ते आणून दिलं. मग म्हणाली, उद्या संस्थेच्या बाई येणार आहेत, तुला भेटायला. आत्या म्हणाली, येऊ देत की, मी काय पळून जातेय? एवढं झालं आणि अर्जबाई चपला घालून घरी आली. वाटेत तिला दोनदा वाटलं मागे फिरावं. तिसऱ्यांदा वाटेपर्यंत स्वतःचं दार आलं होतं.

अधिकारी तरुण होती, तिशीची असेल. नम्र, साधी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. अशी माणसं बघितली की फसवणाऱ्याला दुप्पट लाज वाटते. मास्तर जिना चढवत नाही म्हणून वाचनालयातच थांबले होते. आत्याच्या खोलीत तिघीच होत्या.

अधिकारी आत्याच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसली, तिचा हात हातात घेतला आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आजी, तुम्हाला, बरं, ऐकू येतं ना?"

"येतं," आत्या म्हणाली.

"तुमच्याबद्दल आम्ही वाचलं. लाखो बाटल्या तुमच्या हातांतून गेल्या, पण एकाही बाटलीवरचं लेबल तुम्हाला कधी वाचता आलं नाही. मला इतकं वाईट वाटलं, आजी."

आत्याच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं आणि नाकावर चष्मा होता. तिनं आधी अधिकारीकडे पाहिलं, मग भाचीकडे. अर्जबाईनं मान खाली घातली. तिला फरशीवरची एक फट दिसत होती आणि त्या फटीत आपण मावलो तर बरं, असं तिला वाटत होतं. आता आत्या बोलणार. बोलावंच तिनं.

आत्यानं सावकाश चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला. वर्तमानपत्र दुमडून बाजूला सारलं. "हो," ती म्हणाली. "खरं आहे ते."

"मग हे कसं?" अधिकारीनं वर्तमानपत्राकडे बोट दाखवलं.

"चित्रं बघते," आत्या म्हणाली.

अधिकारीचे डोळे भरून आले. तिनं पिशवीतून संमतिपत्र काढलं. "मी वाचून दाखवते हं, आजी. ह्यात असं लिहिलंय की तुमचा आवाज आणि तुमचा फोटो वापरायला तुमची हरकत नाही." तिनं सगळं पान वाचलं. आत्या मान किंचित तिरकी करून ऐकत होती, समजायला वेळ लागतोय असं दाखवत. अर्जबाईला ते नाटक दिसत होतं आणि ते कोणासाठी चाललंय हेही दिसत होतं. तोंड उघडायला एवढा एक क्षण पुरला असता. तो तिनं जाऊ दिला.

"सही नाही येत ना? काळजी नको, आमच्याकडे सोय असते." अधिकारीनं शाईचा पॅड उघडला.

आत्यानं पंचेचाळीस वर्षांत कुठल्याही कागदावर अंगठा लावला नव्हता. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी हात थरथरत होता तेव्हाही तिनं पेन मागून घेतलं होतं. तिनं अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर दाबला. अधिकारीनं त्या शाई लागलेल्या अंगठ्याचा फोटो काढला.

तिला बसथांब्यावर सोडून अर्जबाई परत आली तेव्हा आत्या मोरीत उभी राहून साबणानं अंगठा घासत होती. शाई रेघांमध्ये बसली होती. वळून न बघता ती म्हणाली, "अर्जाची प्रत आहे?"

"आहे."

"आण."

अर्जबाई वाचनालयात जाऊन प्रत घेऊन आली. आत्या हात पुसून, चष्मा लावून बसली. नेहमीसारखं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. दुसऱ्या पानावर तिचा हात सवयीनं पेन्सिलीकडे गेला आणि परत आला. वाचून झाल्यावर तिनं कागद जुळवले, टोकाला टोक लावून.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "मला माझीच कीव आली."

अर्जबाईनं कागद घ्यायला हात पुढे केला.

"ही बाई मला माहीत आहे. बत्तीस वर्षं होती ती. तिला घालवायला मला फार त्रास पडला होता." आत्यानं कागद भाचीच्या हातात दिले. "आता जा तू. मला जरा पडायचंय."

त्यानंतर आत्या बोलायची थांबली असं नाही. थांबली असती तर एका परीनं सोपं गेलं असतं. ती पूर्वीसारखीच बोलायची. गॅस संपलाय, बटाटे आण, शेजारणीच्या नातवाला ताप आहे. फक्त वर्तमानपत्रातलं काही वाचून दाखवायची ते बंद झालं. अर्जबाई आली की वर्तमानपत्र दुमडून बाजूला जायचं. ती मुद्दाम करत होती की आपोआप होत होतं, कोण जाणे. पण ते दुमडण्याचा आवाज अर्जबाईला घरी येईपर्यंत ऐकू यायचा.

दोन महिन्यांनी संस्थेचं वार्तापत्र आलं. मुखपृष्ठावर अंगठा होता. पानभर, शाईनं निळा, बुडाशी कोयरीच्या आकाराचा काच लागल्याचा जुना वण. खाली ते लेबलाचं वाक्य होतं. वाचनालयात आलेलं सगळं टपाल आधी मास्तर उघडायचे. त्यांनी बराच वेळ ते चित्र पाहिलं. आत्या त्यांच्याकडे तीस वर्षं पुस्तकं बदलायला येत होती. पुस्तक पुढे करताना तो वण त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता.

"हा आत्यांचा हात," ते म्हणाले.

"हो."

"हे वाक्य त्यांच्याबद्दल?"

"हो."

मास्तरांनी वार्तापत्र टेबलावर पालथं ठेवलं. "खाली माझी सही आहे," ते म्हणाले. "नावाचं पान मी उलटलंच नाही. डोळे पुसत बसलो." ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. पण ते स्वतःवरच चिडले, आणि तिच्यामुळे आणखी एक म्हातारं माणूस मान खाली घालून बसलं.

चार दिवसांत वार्तापत्र वस्तीत फिरलं. पॅकिंगच्या बायकांनी तो वण ओळखला. एक जण वाचनालयात आली, चित्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "माझ्या घराचे कागद हिनं वाचून दिले म्हणून घर राहिलं माझं. ही अडाणी?" बाई थोडी थांबली आणि निघून गेली. तिनं नेलेलं पुस्तक त्या दिवशी परत करायचं होतं, तेही तिनं दुसऱ्याच्या हाती पाठवलं.

मग अर्जबाईनं संस्थेला पत्र लिहायला घेतलं. हजारो पत्रं लिहिलेला हात, पण हे जमेना. पहिल्या मसुद्यात वस्तीची गरिबी आली. दुसऱ्यात शेड पाडण्याची घाई आली. तिसऱ्यात शिबिरात शिकवणारा तो माणूस आला. प्रत्येक वेळी वाचून बघितलं की पत्रातली बाई चांगलीच वाटायची, परिस्थितीनं गांजलेली. आपल्या हाताला दुसरं काही येतच नाही, अशी तिला भीती वाटली. शेवटी तिनं चारच वाक्यं ठेवली. अर्जात मी माझ्या आत्याला निरक्षर म्हटलं. ती निरक्षर नाही, हे मला माहीत होतं. अंगठा तिनं मला वाचवण्यासाठी दिला. मास्तरांना ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

पत्र टाकल्यावर पाचव्या दिवशी अधिकारीचा फोन आला. ती ओरडली नाही. म्हणाली, "मी त्यांना विचारलं, ऐकू येतं का. मी त्यांचा हात धरून..." आणि ते वाक्य तिनं तसंच सोडलं. मग कोरड्या आवाजात सांगितलं की समिती निर्णय घेईल.

समितीनं अनुदान रद्द केलं. तीन वर्षं अर्ज करता येणार नाही असंही कळवलं. वाचनालयाच्या बैठकीत आवाज चढले. काही जण म्हणाले, खोटं लिहायला नको होतं. बरेच जण म्हणाले, लिहिलं ते लिहिलं, पण मग कबूल करायची काय गरज होती? ज्यांनी बोलणं पाठ केलं होतं त्या बाई नुसत्या बघत राहिल्या. अर्जबाईनं राजीनामा पुढे केला. मास्तर म्हणाले, "तू गेलीस की कपाटं कोण लावणार? बस खाली." तिला काम सोडायचं सुखही मिळालं नाही. ती रोज तीन वाजता त्याच टेबलामागे बसायला लागली, आणि कितीतरी दिवस तिच्याकडे कोणी अर्ज घेऊन आलं नाही.

पावसाळा संपल्यावर पॅकिंगची शेड पाडली. खिडकीतून धूळ आत येत होती, म्हणून अर्जबाई कपाटांवर जुनी वर्तमानपत्रं पांघरत होती. तेव्हा मास्तर म्हणाले, "शेड गेली. बायका आहेत अजून." त्यांच्या मुलीनं एक जुना रेकॉर्डर दिला. मागच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या आणि काम सुरू झालं. सुरुवातीला दोघीच आल्या, मग पाच, मग अकरा. मास्तर प्रश्न विचारायचे. अर्जबाई दाराबाहेर बसून कोणी मोठ्यानं बोलू नये एवढं बघायची आणि नंतर सगळं ऐकून कागदावर उतरवायची. एक शब्दही न बदलता. एक बाई तेच वाक्य तीनदा म्हणाली, तर अर्जबाईनं ते तीनदा लिहिलं.

आत्याला विचारायला मास्तरच कसाबसा जिना चढून गेले. आत्या म्हणाली, "सांगेन की. पण विचारायला तुम्ही बसा. ती नको." मास्तरांनी हे अर्जबाईला सांगताना शब्द मऊ करायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "मास्तर, जसं म्हणाली तसंच सांगा." मग त्यांनी तसंच सांगितलं.

आत्या बोलायला आली त्या दिवशी अर्जबाई दाराबाहेरही बसली नाही. चार दिवसांनी एकटीनं कानाला रेकॉर्डर लावून आत्याचा आवाज ऐकायला बसली. आत्या छान बोलली होती. काचेला कान लागतो म्हणाली, टिचकी मारली की चांगली बाटली वेगळी वाजते आणि तडा गेलेली वेगळी. अपघाताचं सगळं सांगितलं, मुलीच्या आईचा प्रश्नही. मास्तरांनी विचारलं, "मग वाचायला कोणी शिकवलं?"

"भाचीनं. सहा वर्षांची होती. फार मारकुटी." आत्या हसली होती. "पण एक होतं. मला येत नाही म्हणून ती कधी हसली नाही. तिला वाटायचं, सगळी मोठी माणसं असंच उशिरा शिकतात."

अर्जबाईनं यंत्र थांबवलं. खिडकी उघडली, बंद केली. पुन्हा बसली.

मास्तरांचा आवाज पुढे म्हणत होता, "आणि त्यानंतर पुन्हा कधी अंगठा?"

मग आत्या: "एकदा. ते घरातलं आहे मास्तर, ते ह्यात नको."

संस्थेला, मास्तरांना, बैठकीला, सगळ्यांना सांगून झालं होतं. आता वर्गणीतून निघणाऱ्या पुस्तिकेतही ते छापून यावं, असं अर्जबाईला फार वाटत होतं. त्यामुळे तरी काहीतरी फिटेल असं वाटत होतं. पण आत्यानं नको म्हटलं होतं. तिनं तो प्रश्न आणि ते उत्तर दोन्ही उतरवली नाहीत. एवढंच तिनं सबंध पुस्तिकेतून गाळलं.

छापायच्या आधी प्रत्येक बाईला तिचा मजकूर दाखवायचा, असं ठरलं होतं. आत्याकडे अर्जबाईलाच जावं लागलं, कारण मास्तरांचे गुडघे त्या आठवड्यात फारच धरले होते. आत्यानं चष्मा लावला, पेन्सील घेतली आणि वाचायला सुरुवात केली. अर्जबाई समोर बसली होती. आपण सगळ्या गावाला सांगितलं, पण ह्या खोलीत अजून एकदाही नाही, हे तिला माहीत होतं.

आत्या तिसऱ्या पानावर असताना ती म्हणाली, "आत्या, चुकलं माझं."

"हो," आत्या म्हणाली. "चुकलं."

तिनं पान उलटलं. थोडं पुढे गेल्यावर एका शब्दाभोवती गोल केला आणि कागद भाचीकडे फिरवला. "हा दीर्घ हवा ना?" तिनं विचारलं.

अर्जबाईनं वाकून पाहिलं. दीर्घच हवा होता. "हो," ती म्हणाली, आणि दुरुस्त करायला पेन्सील मागून घेतली.